कोनराड आडेनाउअर : नगरभवन ते चॅन्सेलरपद

जर्मनीतील कोलोन शहराचे महापौरपद कोनराड आडेनाउअर यांना दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. १९३३ साली नाझींनी त्यांना हटविले, कारण ते त्यांच्यापुढे झुकण्यास तयार नव्हते. १९४५ साली ब्रिटिश लष्करी प्रशासनाने त्यांच्यावर अकार्यक्षमतेचा ठपका ठेवून त्यांना घरी पाठविले. या दुसऱ्या बडतर्फीच्या वेळी ते एकोणसत्तर वर्षांचे होते. सामान्यतः या वयात माणूस निवृत्तीचे दिवस मोजत असतो. आडेनाउअर मात्र त्यानंतर चार वर्षांच्या आत पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर झाले आणि पुढील चौदा वर्षे त्या पदावर राहिले.

त्यांचे नाव आज मुख्यतः जर्मनीच्या पुनरुभारणीशी आणि युरोपीय ऐक्याशी जोडले जाते. परंतु राष्ट्रीय सत्ता हाती येण्यापूर्वी त्यांच्या आयुष्याची सुमारे सत्तावीस वर्षे एका महानगरपालिकेच्या कारभारात गेली होती. भाकरी, पूल, उद्याने, कर्ज आणि परकीय सैन्याचा अंमल या गोष्टी त्यांनी प्रथम नगरभवनात हाताळल्या. चॅन्सेलर आडेनाउअर यांचे गुण आणि दोष समजून घ्यायचे तर महापौर आडेनाउअर यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

कोलोनचे बालपण आणि पालिकेत प्रवेश

आपल्याकडे जुन्या पिढीला कोलोन हे नाव ठाऊक आहे ते तापात कपाळावर ठेवल्या जाणाऱ्या कोलनवॉटरच्या घड्यांमुळे. ते सुगंधी द्रव्य ज्या शहराचे, त्याच ऱ्हाइनकाठच्या प्राचीन कॅथलिक शहरात ५ जानेवारी १८७६ रोजी आडेनाउअर यांचा जन्म झाला. वडील न्यायालयात कारकून होते. घर काटकसरीचे, धर्मनिष्ठ आणि शिस्तीचे होते. फ्रायबुर्ग, म्युनिक आणि बॉन येथील विद्यापीठांत कायद्याचे शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ न्यायखात्यात व वकिलीत काढला. १९०४ साली एमा वायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एमा यांचे घराणे शहरातील प्रतिष्ठितांपैकी होते.

१९०६ साली नगरसभेने त्यांची पालिकेच्या प्रशासनात साहाय्यक अधिकारी म्हणून निवड केली आणि १९०९ मध्ये ते प्रथम उपमहापौर झाले. या पदाचे स्वरूप आपल्याकडील पदांहून वेगळे होते. प्रशियाच्या ऱ्हाइन प्रांतातील महापौर हा नगरसभेचा अध्यक्ष असे, तसाच तो प्रशासनाचाही प्रमुख असे. म्हणजे आपल्याकडे महापौर आणि आयुक्त यांच्यात विभागलेले अधिकार तेथे एकाच व्यक्तीच्या हाती होते. तिची निवडही तब्बल बारा वर्षांसाठी होई. त्यामुळे कर्तबगार माणसाला शहर घडविण्यास पुरेसा अवधी मिळे. परंतु त्याला एकहाती कारभाराची सवयही लागे. आडेनाउअर यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या.

युद्धातील भाकरी

पहिल्या महायुद्धाच्या काळात शहराच्या अन्नपुरवठ्याची जबाबदारी आडेनाउअर यांच्याकडे आली. दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत धान्याची टंचाई होती. १९१६-१७ चा हिवाळा तर जर्मन लोकांच्या स्मरणात 'सलगमचा हिवाळा' म्हणून राहिला आहे, कारण बटाटाही मिळेनासा झाल्याने लोकांना सलगमवर दिवस काढावे लागले. आडेनाउअर यांनी गव्हाऐवजी तांदूळ, मका आणि जव यांच्या पिठापासून एक पाव तयार करविला. 'कोलोन ब्रेड' या नावाने तो ओळखला जाऊ लागला आणि त्याच्या कृतीचे पेटंटही घेण्यात आले. सोयाबीनचा वापर करून त्यांनी एक सॉसेजही बनविले. युद्ध चालू असतानाही १९१८ साली या सॉसेजला शत्रुराष्ट्र असलेल्या ब्रिटनमध्ये पेटंट मिळाले.

या पावाची चव कोणालाही आवडत नसे. जवाच्या जर्मन नावावरून लोकांनी महापालिकेच्या या अधिकाऱ्याला 'ग्राउपेनाउअर' असे टोपणनावही दिले. तथापि, रोजच्या गरजा भागविणे हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य आहे, हा धडा त्यांनी या काळात घेतला.

याच काळात त्यांच्यावर व्यक्तिगत आघात झाले. १९१६ साली पत्नी एमा यांचे निधन झाले. पदरी तीन लहान मुले होती. १९१७ च्या मार्चमध्ये त्यांच्या सरकारी मोटारीची एका ट्रामशी टक्कर झाली आणि त्यांच्या चेहऱ्याला गंभीर इजा झाली. पुढे छायाचित्रांतून जगाला परिचित झालेली त्यांची कठोर, काहीशी अनोळखी वाटणारी मुद्रा ही बव्हंशी त्या अपघाताची देणगी होय. ते ब्लॅक फॉरेस्ट भागात विश्रांती घेत असताना महापौरपद रिकामे झाले. नगरसभेचे काही सदस्य तेथे जाऊन त्यांना भेटले. हेतू असा, की अपघातानंतर त्यांची बुद्धी पूर्ववत आहे की नाही हे पाहावे. ती पूर्ववत आहे याची खात्री पटल्यावर १८ सप्टेंबर १९१७ रोजी त्यांची महापौरपदी निवड करण्यात आली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते सहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहराचे प्रमुख झाले. १९१९ साली त्यांनी आउगुस्टे त्सिन्सर यांच्याशी दुसरा विवाह केला.

परकीय सैन्याच्या छायेत शहराची उभारणी

पराभवानंतर डिसेंबर १९१८ मध्ये ब्रिटिश सैन्य कोलोनमध्ये आले आणि जानेवारी १९२६ पर्यंत तेथे राहिले. शहराचा महापौर जर्मन आणि अंतिम शब्द परकीय सेनाधिकाऱ्याचा, अशा परिस्थितीत आडेनाउअर यांनी सात वर्षे कारभार केला. विजेत्यांशी उद्धटपणे वागू नये, लाचारीही करू नये आणि प्रत्येक भेटीतून काहीतरी पदरात पाडून घ्यावे, ही रीत त्यांनी तेथे अंगी बाणवली.

ऱ्हाइनलँडच्या भवितव्याबद्दल त्यांनी घेतलेली भूमिका मात्र पुढे दीर्घकाळ वादग्रस्त ठरली. प्रशियाचे विभाजन करून जर्मनीच्याच चौकटीत पश्चिमेकडे एक वेगळे राज्य निर्माण करावे, असा विचार त्यांनी १९१९ मध्ये मांडला. फ्रान्सची भीती कमी व्हावी आणि ऱ्हाइनलँड जर्मनीपासून तुटू नये, हा त्यामागील युक्तिवाद होता. विरोधकांनी मात्र त्यांच्यावर फुटीरतेचा शिक्का मारला आणि तो आयुष्यभर अधूनमधून उगाळला गेला.

शहराच्या उभारणीत त्यांचा झपाटा विलक्षण होता. १३८८ साली स्थापन झालेले आणि १७९८ मध्ये फ्रेंच अमलाखाली बंद पडलेले कोलोन विद्यापीठ १९१९ साली पुन्हा सुरू झाले. म्युंगर्सडोर्फ येथील क्रीडासंकुल १९२३ मध्ये आणि ऱ्हाइनच्या पूर्वतीरावरील प्रदर्शन-मैदान १९२४ मध्ये खुले झाले. ऱ्हाइनवरील म्युलहाइमच्या झुलत्या पुलाचे उद्घाटन १९२९ साली झाले. अमेरिकेतील फोर्ड कंपनीचा मोटार-कारखाना कोलोनमध्ये यावा यासाठी त्यांनी खटपट केली. २ ऑक्टोबर १९३० रोजी स्वतः हेन्री फोर्ड यांच्या उपस्थितीत त्याची पायाभरणी झाली. कोलोन ते बॉन हा केवळ मोटारींसाठी राखलेला, चौक नसलेला सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता त्यांनी ६ ऑगस्ट १९३२ रोजी खुला केला. जर्मनीतील मोटारमार्गांचे श्रेय हिटलरला देण्याची पद्धत आहे. हा रस्ता मात्र हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीचा आहे.

या सर्वांत चिरस्थायी ठरला तो शहराभोवतीचा हरितपट्टा. व्हर्सायच्या तहानुसार कोलोनची जुनी तटबंदी पाडणे भाग होते. त्यामुळे शहराभोवतीची प्रचंड जमीन मोकळी होणार होती आणि तिच्यावर जमीनमालकांचा व बांधकाम व्यावसायिकांचा डोळा होता. आडेनाउअर यांनी हॅम्बुर्गचे प्रसिद्ध नगररचनाकार फ्रिट्झ शूमाखर यांना कोलोनला आणले आणि त्या जमिनीचा मोठा भाग उद्याने, वृक्षराजी व क्रीडांगणे यांसाठी राखून ठेवला. पराभवाच्या तहातील एक अट शहराच्या कायमच्या हिताची ठरविण्याचे हे उदाहरण नगरनियोजनाच्या अभ्यासकांना आजही महत्त्वाचे वाटते.

या वैभवाची किंमतही होती. बहुतेक कामे कर्जातून झाली आणि १९२९ ची जागतिक मंदी आली तेव्हा कोलोन जर्मनीतील कर्जबाजारी शहरांपैकी एक होते. आडेनाउअर यांनी स्वतःची पुंजीही शेअर बाजारात गमावली. डावे आणि नाझी दोघेही त्यांच्या उधळपट्टीवर तुटून पडले. १९२९ मधील त्यांची फेरनिवड अगदी निसटत्या मतांनी झाली. नगरसभेत त्यांच्या सेंटर पक्षाला बहुमत नसल्यामुळे प्रत्येक प्रस्तावासाठी मते जमवावी लागत. म्युलहाइमचा पूल झुलताच हवा, या आपल्या आग्रहासाठी त्यांनी कम्युनिस्ट सदस्यांपुढे लेनिनग्राडच्या सुंदर पुलांची स्तुती केली आणि त्यांची मते मिळविली, ही आठवण ते पुढे मोठ्या मिश्कीलपणे सांगत.

देशपातळीवरही त्यांचे नाव झाले होते. प्रांतांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या प्रशियाच्या राज्य परिषदेचे ते १९२१ पासून १९३३ पर्यंत अध्यक्ष होते. १९२६ साली चॅन्सेलरपदासाठी त्यांच्या नावाचा विचार झाला. परंतु त्या काळातील सरकारे काही महिन्यांतच कोसळत. स्थिर बहुमताची शाश्वती नसल्याचे पाहून ते कोलोनलाच परतले.

नाझींचा काळ

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. प्रशियाचे विधिमंडळ बरखास्त करण्याचा अधिकार तीन व्यक्तींच्या मंडळाकडे होता आणि आडेनाउअर हे त्यांपैकी एक होते. त्यांनी बरखास्तीला विरोध करून बैठक सोडली. उरलेल्या दोघांनी तिला संमती दिली. फेब्रुवारीत हिटलर निवडणूक प्रचारासाठी कोलोनला आला, तेव्हा महापौर विमानतळावर स्वागतास गेले नाहीत. ऱ्हाइनवरील पुलावर लावलेले नाझी ध्वजही त्यांनी उतरविण्यास लावले. मार्चमध्ये झालेल्या पालिका निवडणुकीनंतर दुसऱ्याच दिवशी, १३ मार्च रोजी, त्यांना पदच्युत करण्यात आले.

त्यानंतर काही काळ ते मारिया लाख येथील मठात राहिले. मठाधिपती त्यांचे शाळासोबती होते. १९३४ च्या जूनअखेरीस त्यांना दोन दिवस अटक झाली. या काळातील त्यांचे वर्तन सरळ वीरकथेत बसणारे नाही. १९३४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रशियाच्या गृहमंत्र्यांना पाठविलेल्या पत्रात, महापौर असताना आपण नाझी पक्षाला नेहमी योग्य वागणूक दिली होती, असे प्रतिपादन केले. रोखलेले निवृत्तिवेतन मिळविणे हा त्या पत्राचा हेतू होता. १९३७ मध्ये ते प्रकरण मिटले आणि त्यांनी बॉनजवळच्या ऱ्योंडोर्फ या गावी घर बांधले. हिटलरविरोधी कटात सामील होण्याचे निमंत्रण त्यांनी नाकारले, कारण तो यशस्वी होईल असे त्यांना वाटत नव्हते.

तरीही २० जुलै १९४४ च्या कटानंतर झालेल्या धरपकडीतून ते सुटले नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांना पकडून कोलोनच्या प्रदर्शन-मैदानावरील छावणीत ठेवण्यात आले. वीस वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या उत्साहाने उभारलेले मैदान ते हेच. तेथून रुग्णालयात हलविल्यानंतर ते निसटले. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी गेस्टापोने त्यांच्या पत्नीला अटक केली. मुलींना पकडण्याच्या धमकीपुढे त्यांचा नाइलाज झाला. या अपराधभावनेतून आउगुस्टे यांनी तुरुंगात आत्महत्येचा प्रयत्न केला. त्या वाचल्या, परंतु त्यांची प्रकृती पूर्ववत झाली नाही आणि १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. आडेनाउअर यांची नोव्हेंबर १९४४ अखेरीस सुटका झाली.

उद्ध्वस्त शहर आणि दुसरी बडतर्फी

मार्च १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने कोलोनचा पश्चिम भाग घेतला तेव्हा युद्धापूर्वी साडेसात लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या शहराच्या त्या भागात सुमारे चाळीस हजार माणसे उरली होती. पूल नदीत कोसळले होते. जुन्या शहराचा बहुतेक भाग ढिगाऱ्यात गेला होता आणि त्यावर कॅथेड्रलचे दोन मनोरे उभे होते. नाझींशी संबंध नसलेला अनुभवी प्रशासक म्हणून अमेरिकनांनी आडेनाउअर यांना शोधून काढले. ४ मे १९४५ रोजी ते पुन्हा महापौर झाले. त्यांनी अगदी आरंभी केलेल्या कामांपैकी एक म्हणजे बुखेनवाल्ड, डाखाउ यांसारख्या छळछावण्यांतून सुटलेल्या कोलोनवासीयांना घरी आणण्यासाठी बसगाड्या पाठविणे.

जूनमध्ये शहराचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि संघर्ष सुरू झाला. हिवाळा तोंडावर होता व कोळसा नव्हता. सरपणासाठी हरितपट्ट्यातील झाडे तोडावीत, असा ब्रिटिशांचा आग्रह होता. आडेनाउअर यांनी नकार दिला. झाडे तोडून काही आठवड्यांचे इंधन मिळेल, पण पिढ्यांची ठेव नष्ट होईल. त्यापेक्षा लष्कराने कोळसा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. ६ ऑक्टोबर १९४५ रोजी ब्रिगेडियर जॉन बॅराक्लॉ यांनी त्यांना बडतर्फीचे पत्र दिले. ढिगारे हलविण्यात आणि हिवाळ्याच्या तयारीत त्यांनी दिरंगाई केली, असा आरोप त्यात होता. राजकारणात भाग घेण्यासही त्यांना मनाई करण्यात आली.

ही मनाई काही आठवड्यांतच उठली. पालिकेच्या दैनंदिन जबाबदारीतून मोकळे झालेले आडेनाउअर आता पक्षबांधणीकडे वळले. जुना सेंटर पक्ष केवळ कॅथलिकांचा होता. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांना एकत्र आणणाऱ्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन या नव्या पक्षाचे ते १९४६ मध्ये ब्रिटिश विभागातील अध्यक्ष झाले. कोलोनच्या महापौरपदी ते राहिले असते, तर राष्ट्रीय नेतृत्वासाठी लागणारा हा अवधी त्यांना क्वचितच मिळाला असता.

एका मताचे बहुमत

१ सप्टेंबर १९४८ रोजी बॉन येथे पश्चिम जर्मनीची राज्यघटना तयार करण्यासाठी संसदीय परिषद भरली. अध्यक्षपद आडेनाउअर यांना मिळाले. सोशल डेमोक्रॅट पक्षाला ते मानाचे पण निरुपद्रवी पद वाटले होते. प्रत्यक्षात दोस्त राष्ट्रांच्या लष्करी राज्यपालांशी बोलणी करण्याचे काम अध्यक्षाकडेच आले आणि आडेनाउअर देशभर परिचित झाले. २३ मे १९४९ रोजी मूलभूत कायदा, म्हणजेच राज्यघटना, जाहीर झाली. तात्पुरत्या राजधानीसाठी फ्रँकफुर्टऐवजी बॉनची निवड होण्यामागेही त्यांचे प्रयत्न होते. बॉन त्यांच्या घरापासून जवळ, ही टीका त्यांना तेव्हापासून ऐकावी लागली.

१४ ऑगस्ट १९४९ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष व बव्हेरियातील सहयोगी पक्ष यांना मिळून १३९, तर सोशल डेमोक्रॅटांना १३१ जागा मिळाल्या. दोन्ही मोठ्या पक्षांनी एकत्र यावे, असे अनेकांना वाटत होते. आडेनाउअर यांनी लहान पक्षांना बरोबर घेतले. १५ सप्टेंबर रोजी ४०२ सदस्यांच्या बुंडेस्टॅगमध्ये त्यांना २०२ मते पडली. नेमकी तितकीच आवश्यक होती. त्यांनी स्वतःला मत दिले होते आणि ते लपविण्याचे त्यांना कारण वाटले नाही. कोलोनच्या नगरसभेत निसटत्या बहुमतावर कारभार केलेल्या माणसाला एक मत पुरेसे होते. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर होते.

विजेत्यांशी व्यवहार

नवे सरकार सार्वभौम नव्हते. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचे उच्चायुक्त बॉनसमोरील पेटर्सबर्ग टेकडीवर बसत आणि परराष्ट्र धोरण त्यांच्या हाती होते. २१ सप्टेंबर १९४९ रोजी आडेनाउअर त्यांना भेटण्यास गेले. तिघे उच्चायुक्त एका गालिच्यावर उभे होते आणि जर्मन चॅन्सेलरने गालिच्याबाहेर उभे राहावे, असा शिष्टाचार ठरला होता. आडेनाउअर शांतपणे गालिच्यावर येऊन उभे राहिले. कोणी काही बोलले नाही. दोन महिन्यांत झालेल्या पेटर्सबर्ग कराराने जर्मन कारखाने मोडून नेण्याचे काम बरेच कमी करण्यात आले. कोलोनमध्ये ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांशी वागताना अंगी बाणलेली रीत येथे देशाच्या कामी आली.

फ्रान्सशी सलोखा हा त्यांच्या धोरणाचा कणा होता. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमां यांनी कोळसा आणि पोलाद यांच्या संयुक्त नियंत्रणाची योजना मांडली. आडेनाउअर यांनी ती तत्काळ स्वीकारली आणि १८ एप्रिल १९५१ रोजी सहा देशांनी करारावर सह्या केल्या. त्यातूनच पुढे १९५७ चा रोम करार आणि कालांतराने युरोपीय संघ उभा राहिला. मे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी सार्वभौम झाला व 'नाटो'चा सदस्यही झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते मॉस्कोला गेले. सोव्हिएत युनियनशी राजनैतिक संबंध प्रस्थापित करण्याच्या मोबदल्यात त्यांनी सुमारे दहा हजार जर्मन युद्धकैद्यांची सुटका करून घेतली. सामान्य जर्मन कुटुंबांनी त्यांच्या या कामगिरीची आठवण दीर्घकाळ जपली.

१० सप्टेंबर १९५२ रोजी त्यांनी इस्रायलशी भरपाईचा करार केला. इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि ज्यू संघटनांना ४५ कोटी मार्क देण्याचे ठरले. जनमत अनुकूल नव्हते व सत्ताधारी आघाडीतील अनेक सदस्य तटस्थ राहिले. विरोधी सोशल डेमोक्रॅटांच्या मतांमुळे मार्च १९५३ मध्ये हा करार संसदेत संमत झाला.

घर, निवृत्तिवेतन आणि लोकप्रियता

देशांतर्गत प्रश्नांकडे ते महापौराच्या नजरेने पाहत. पूर्वेकडील प्रदेशांतून हाकलले गेलेले लक्षावधी जर्मन पश्चिमेत आले होते आणि शहरांत राहण्यास जागा नव्हती. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने सहा वर्षांत अठरा लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले. ते ओलांडले गेले. १९५२ च्या कायद्याने ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली होती, त्यांच्याकडून तीस वर्षांच्या हप्त्यांनी कर घेऊन सर्वस्व गमावलेल्यांना मदत देण्यात आली. १९५७ साली निवृत्तिवेतन वेतनवाढीशी जोडण्यात आले, त्यामुळे वृद्धांचे उत्पन्न एकदम वाढले. आर्थिक पुनरुत्थानाचे शिल्पकार अर्थमंत्री लुडविग एरहार्ड हे होते. परंतु त्या भरभराटीचा राजकीय लाभ चॅन्सेलरांना मिळाला. १९५७ च्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला ५०.२ टक्के मते मिळाली. तेथील संघीय निवडणुकांत मतांचे असे निर्भेळ बहुमत त्यापूर्वी वा त्यानंतर कोणालाही मिळालेले नाही.

उणी बाजू

एकहाती कारभाराची सवय नगरभवनातून चॅन्सेलरच्या कार्यालयात आली. १९५१ ते १९५५ या काळात परराष्ट्र खातेही त्यांनी स्वतःकडेच ठेवले. हान्स ग्लोबके यांना त्यांनी १९५३ पासून दहा वर्षे आपल्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून ठेवले. नाझी राजवटीच्या वंशभेदी न्युरेंबर्ग कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी ग्लोबके एक होते. अनुभवी नोकरशहांखेरीज राज्य चालणार नाही, हे आडेनाउअर यांचे उत्तर होते. त्या उत्तराने छळ भोगलेल्यांचे समाधान होणे शक्य नव्हते.

जर्मनीच्या एकीकरणाबाबतही त्यांच्यावर टीका झाली. १९५२ साली स्टालिनने तटस्थ, संयुक्त जर्मनीचा प्रस्ताव पाठविला, तो त्यांनी सापळा मानून बाजूला ठेवला. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या देशांशी संबंध तोडण्याचे धोरण १९५५ पासून अमलात आले. अनेक देशांनी त्यामुळे सावधगिरी बाळगली; भारतानेही पूर्व जर्मनीला पूर्ण राजनैतिक मान्यता दिली ती १९७२ मध्ये.

१३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली तेव्हा निवडणुकीचा प्रचार रंगात होता. आडेनाउअर बर्लिनला गेले ते नऊ दिवसांनी. दरम्यान, आपले प्रतिस्पर्धी आणि पश्चिम बर्लिनचे महापौर विली ब्रांट यांच्या जन्मनावाचा उल्लेख करून त्यांनी जाहीर सभेत त्यांना हिणवले. ज्या क्षणी महापौर ब्रांट भयभीत शहराला धीर देत होते, त्या क्षणी कोलोनच्या माजी महापौरांना शहराचे दुःख उमगू नये, हे अनेकांना खटकले. निवडणुकीत त्यांचे निर्भेळ बहुमत गेले.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये लष्करी सज्जतेवरील लेखाबद्दल 'डेर श्पीगेल' साप्ताहिकाच्या कार्यालयावर पोलिसांनी छापा घातला आणि संपादक रुडोल्फ आउगश्टाइन यांना अटक झाली. चॅन्सेलरांनी संसदेत देशद्रोहाची भाषा केली. परंतु लोक रस्त्यावर आले, आघाडीतील मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि संरक्षणमंत्री फ्रान्झ योसेफ श्ट्राउस यांना पद सोडावे लागले. आडेनाउअर यांना पुढील वर्षी निवृत्त होण्याचे मान्य करावे लागले. त्यापूर्वी, २२ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांच्यासह मैत्री करारावर सही केली. १५ ऑक्टोबर १९६३ रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांनी पद सोडले. एरहार्ड आपल्या जागी येऊ नयेत म्हणून त्यांनी बरीच खटपट केली होती. ती व्यर्थ ठरली.

वारसा

१९ एप्रिल १९६७ रोजी ऱ्योंडोर्फ येथील घरी त्यांचे निधन झाले. कोलोनच्या कॅथेड्रलमधील प्रार्थनेनंतर त्यांची शवपेटी ऱ्हाइनमधून नौकेने ऱ्योंडोर्फला नेण्यात आली. अंत्यविधीस द गॉल आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन उपस्थित होते. त्यांचे घर आता स्मारक असून तेथील गुलाबांची बाग जपण्यात आली आहे. कोलोन-बॉन विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

नगरभवनातून चॅन्सेलरपदाकडे जाणारी वाट जर्मनीत पुढेही चालू राहिली. ज्यांना आडेनाउअर यांनी हिणवले, ते विली ब्रांट १९६९ मध्ये चॅन्सेलर झाले. हॅम्बुर्गचे माजी महापौर ओलाफ शोल्झ यांनी २०२१ ते २०२५ या काळात ते पद सांभाळले. शहर चालविणे ही राष्ट्र चालविण्याची पूर्वतयारी होऊ शकते, असे तेथे मानले जाते. मात्र त्यासाठी महापौराच्या हाती अधिकार असावे लागतात आणि त्या अधिकारांचा हिशेबही त्याच्याकडून घेतला जावा लागतो.

आडेनाउअर यांच्या कोलोनमधील अनेक वास्तू युद्धात कोसळल्या आणि पुन्हा बांधाव्या लागल्या. शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागी त्यांनी राखलेला हरितपट्टा मात्र आजही अर्धवर्तुळाकार पसरलेला आहे. सुटीच्या दिवशी कोलोनची मुले तेथे खेळतात. १९४५ च्या त्या हिवाळ्यात ज्या झाडांसाठी एका वृद्ध महापौराने आपले पद गमावणे पत्करले, ती झाडे याच पट्ट्यातील होती.